पंपाची चावी घेऊन मौनाला गेले

बीपीचं मशीन खोटं बोलतंय, असं मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा आकडा आणखी वर गेला, कारण तोवर मला मशीनचाही राग आला होता. डॉक्टर आमच्या मुलुंडचेच, मला पंचवीस वर्षं ओळखतात. ते म्हणाले, "गोळी लिहून देतो, पण पंधरा दिवसांनी सुरू करू. त्याआधी दोन दिवस कुठेतरी जाऊन गप्प बसा. जमेल?"

शेजारच्या खुर्चीत बसलेला माझा नवरा सुहास हसला. त्या हसण्यावरच मी ठरवलं, जायचंच.

तो का हसला ते कळायला थोडी ओळख करून द्यायला हवी. मी वैशाली, वय एक्कावन्न, पतपेढीत नोकरी, आणि मुलुंड पूर्वेच्या एका तीन मजली, अठरा घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय हे ज्यांच्या घरात सेक्रेटरी आहे त्यांना माहीत असेल. जेवायला बसलं की बेल वाजते. कुणाच्या बाथरूममधून कुणाच्या छतावर पाणी झिरपतंय, कबुतरांची जाळी कुणी फाडली, पाहुण्यांची गाडी कुणाच्या जागेवर लागली, सगळं माझ्याकडे. तक्रार माझी नाही. मला ते आवडतं. माझ्याशिवाय बिल्डिंगचं पान हलत नाही हे मी दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत असे आणि सुहास दिवसातून दोनदा "हो" म्हणत असे.

त्यातलं सगळ्यात मोठं काम पाण्याचा पंप. आमची बिल्डिंग जुनी, टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप अजून आलेला नाही. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेसहाला कुणीतरी पंपघराचं कुलूप उघडून बटण दाबायचं, पंचवीस मिनिटं थांबायचं, बंद करायचं, कुलूप लावायचं. बावीस वर्षं हे काम अण्णा करत होते. तळमजल्यावरचे अण्णा माझ्या बाबांचे गिरणीतले सोबती. दोघं मालवणकडचे, दोघं गिरणीच्या एकाच सूतखात्यात कामाला, दोघांनी एकाच वर्षी इथे घर घेतलं. बाबा गेल्यावर माझ्याशी बाबांच्या आवाजात बोलणारं अण्णांशिवाय कुणी उरलं नव्हतं. ते मला 'बाय' म्हणायचे. गावाहून आले की आधी आमची बेल वाजवून आमसुलांची पिशवी द्यायचे, मग स्वतःचं घर उघडायचे.

गेल्या वर्षी एका पहाटे अण्णांना पंपासमोरच्या स्टुलावर झोप लागली. टाकी भरून दीड तास वाहिली, जिन्यावरून धबधबा, तिसऱ्या मजल्यावरच्यांचं नवं छत गळायला लागलं. रविवारच्या मीटिंगमध्ये अठरा घरांसमोर मी म्हटलं, "अण्णा, झोपायचं असेल तर घरी झोपा. सोसायटीच्या पाण्यावर नको." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी हात पुढे करून चावी मागितली. चावीला त्यांनी गिरणीतली लाकडी कांडी बांधली होती, सूत गुंडाळायची हातभर लांब असते ती. ती मी सगळ्यांसमोर सोडून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे लाकूड माझ्या पर्समध्ये मावत नाही."

अण्णांनी कांडी उचलून काखेत धरली आणि घरी गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. आठ महिने. जिन्यात भेटले तर भिंतीला टेकून वाट देतात, खाली बघतात. आमसुलं बंद. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत आले, कारण जाऊन काय म्हणायचं? अण्णा, माझं खरंच चुकलं, हे चार शब्द माझ्या तोंडातून निघेनात. डॉक्टरांना मी कबुतरं, पार्किंग, मार्चअखेर, सगळी कारणं सांगितली. अण्णांचं नाव काढलं नाही. पण आकडा त्यांच्यामुळे वर होता हे मला मशीनपेक्षा आधी माहीत होतं.

असो. प्रवासाकडे वळू.

ज्यांना लोणावळा, इगतपुरी परवडत नाही, किंवा एवढी रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी सांगते: मौन आपल्या उपनगरातच मिळतं. बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगतच्या गल्लीत एक छोटं ध्यानकेंद्र आहे. शुक्रवारी दुपारी चारला हजर व्हायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं. ठरलेली फी नाही, जाताना पेटीत जमेल ते टाकायचं. फोन जमा, बोलणं बंद, चहा बंद. तिसरी अट मी फॉर्म भरल्यावर वाचली.

शुक्रवारी अर्धी रजा काढली. सुहाससाठी दोन पानी सूचना लिहून फ्रिजवर लावली. ओला कचरा किती वाजता, सफाईवाल्याला कोणता जिना आधी, कुणी तक्रार घेऊन आलं तर काय म्हणायचं. क्रमांक एकला, लाल शाईत: 'पंप. पहाटे ५.३०, संध्या. ६.३०. चावी घेणे.' सूचना त्याने उभ्याउभ्या वाचल्या आणि विचारलं, "जेवू कधी, ते नाही लिहिलंस." मी बॅग उचलली आणि निघाले.

मुलुंडहून बोरिवलीला जायचे रस्ते बरेच, मी दोनच धरले. घोडबंदरकडून वळसा, जो मी शत्रूलाही सुचवणार नाही, किंवा मी केला तो: पूर्व द्रुतगती महामार्गावरून बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, तिथे मेट्रो बदलून थेट राष्ट्रीय उद्यान. दुपारी निघालात तर बसला बसायला जागा मिळते, मेट्रोत गार वाटतं, आणि सगळं मिळून शंभराच्या नोटेत भागतं.

बसमध्ये खिडकी मिळाली. सराव म्हणून मी कानात हेडफोन घालून ध्यानाची एक ध्वनिफीत लावली. एक अतिशय गोड बाई सांगत होत्या, "आता दीर्घ श्वास घ्या. श्वास आत येऊ द्या. पूर्ण आत." त्याच क्षणी बस कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगपाशी पोचली. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. अख्खी बस रुमाल नाकाला लावून बसली होती आणि मी एकटी आज्ञाधारकपणे फुफ्फुसं भरून घेत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, नवीन आहात का या रुटला?" मी म्हटलं, "ध्यान करतेय." त्या म्हणाल्या, "विक्रोळी जाऊ दे, मग करा."

घाटकोपरला महामार्गावर उतरून रिक्षाने स्टेशन, पुलावरून पलीकडे मेट्रो. मध्ये खाऊगल्लीकडे पाय वळले. दोन दिवस सात्त्विक जेवण असणार म्हणून मी एक मसाला डोसा खाल्ला, लोण्यात न्हालेला, वर किसलेल्या चीजचा डोंगर. तव्यावरच्या माणसाने विचारलं, "ताई, एक्स्ट्रा चीज?" माझ्या डोळ्यांसमोर बीपीचं मशीन आलं. मी म्हटलं, "घाल." वर दोन कटिंग प्यायले, साठवणीचे.

मेट्रो मला मनापासून आवडते. घाटकोपर सुटलं की गाडी घरांच्या इतकी जवळून जाते की लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात. काळ्या, पिवळ्या, झाकण उडालेल्या. दुसरी माणसं डोंगर बघतात, मी टाक्या बघते. एका गच्चीवर पाइपातून पाणी बदाबदा वाहत होतं आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मी सीटवरून अर्धवट उठले होते. अंधेरीला महामार्गाच्या थांब्यावर उतरायचं, बाहेर न जाता जोडपुलावरून दुसऱ्या मेट्रोच्या गुंदवली स्टेशनात जायचं. पाच मिनिटांचं चालणं आहे, पाट्या नीट आहेत, चुकत नाही. पुढे अर्ध्या तासात राष्ट्रीय उद्यान स्टेशन. उजवीकडे एकदम हिरवं दिसायला लागलं की उतरायची तयारी करायची.

केंद्र म्हणजे एका जुन्या बंगल्याचा वाढवलेला मजला. खाली ऑफिस, वर हॉल, मागे खोल्या. फोन एका लोखंडी कपाटातल्या कप्प्यात ठेवायचा, कप्प्याची चावी आपल्याजवळ. मार्गदर्शक विद्याताई, साठीच्या, पूर्वी सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या. आवाज हळू, पण ज्याने इंजेक्शनं दिली आहेत त्याचा. त्या म्हणाल्या, "विचार येतील. हाकलू नका, त्यांच्या मागे जाऊ नका. आला, एवढी नोंद घ्या आणि श्वासावर परत या."

नोंद घेणं हा माझा हातखंडा. इतकी वर्षं सभेचं इतिवृत्त लिहितेय. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. विषय क्रमांक एक, गुडघा दुखतोय. नोंद घेतली. विषय क्रमांक दोन, डोसा. नोंद घेतली. विषय क्रमांक तीन, उजव्या मांडीला काहीतरी टोचतंय. हात न हलवता अंदाज घेतला. सेफ्टी पिन नाही. कप्प्याची चावी डाव्या खिशात होती. मग हे काय? हळूच कुर्त्याच्या खिशात बोटं घातली.

पंपघराची चावी.

मी दोन पानं लिहिली, लाल शाई वापरली, आणि चावी घेऊन बोरिवलीला आले. कांडी असती तर हे झालं नसतं. कांडीसकट ती चावी कुठल्याही खिशात जात नसे, म्हणूनच अण्णांनी बांधली होती. हे मला त्या क्षणी कळलं, आणि उरलेली पंचवीस मिनिटं मी श्वासावर नव्हते. अठरा घरांचे कोरडे नळ माझ्यासमोर ओळीने उभे होते.

साडेसातची घंटा वाजताच मी ऑफिसात धावले. मौनात फक्त विद्याताईंशी, फक्त अडचण असेल तर, हळू बोलायची मुभा होती. मी कुजबुजले, "ताई, चावी माझ्याकडेच राहिली."

त्या प्रसन्न हसल्या. "सगळ्यांची तीच गत असते. आपण बाहेर शोधतो आणि चावी आपल्याकडेच असते."

"नाही हो, पंपाची आहे," मी म्हटलं आणि समोर धरली.

चावी बघितल्यावर त्यांच्यातली परिचारिका जागी झाली. कितीजणांचा प्रश्न आहे, शेवटचं पाणी कधी चढवलं, घरी कोण आहे, असं तीन वाक्यांत विचारून त्यांनी मला फोन काढायला लावला. सुहासने चौथ्या रिंगला उचलला.

"चावी माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मी निघते. साडेनऊपर्यंत पोचते."

"अजिबात येऊ नकोस. पाणी आहे."

"कसं आहे?"

"नळाला आहे. आत्ता भांडी घासतोय. ठेव फोन, तुमच्याकडे मौन आहे ना?" आणि त्याने खरंच ठेवला.

आता कुणाही शहाण्या माणसाला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. पाणी कसं आहे? संध्याकाळी पंप चालला नाही तर सातपर्यंत टाकी तळाला जाते, हे गणित मी स्वतः मांडलंय. त्यांनी कुलूप तोडलं असणार. चांगलं जाड पितळी कुलूप, अण्णांनी आणलेलं. कुणाच्या परवानगीने तोडलं? ठराव कुठे आहे? विद्याताई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पाणी आहे ना?" मी म्हटलं, "हो ना." "मग चेहरा असा का?" मी फोन कप्प्यात टाकला आणि दुधीची भाजी खायला गेले.

शनिवारचं वेळापत्रक सांगते, म्हणजे जाणाऱ्यांना अंदाज येईल. सहाला उठणं, काढा, बैठक, नाश्त्याला उपमा, बैठक, अकरापासून सावकाश चालणं, जेवायला मुगाची खिचडी, विश्रांती, पुन्हा बैठक. काढा तुळशीचा आणि वाईट नाही, पण चहाची तलफ अकराच्या सुमाराला डोक्याच्या मागून यायला लागते. डोकेदुखीची गोळी सोबत ठेवा. उशा पातळ आहेत, स्वतःची न्या.

खोलीत माझ्यासोबत साधारण माझ्याच वयाची एक बाई होती. नाव विचारायची सोय नव्हती. तिला पंखा पाचवर लागायचा, मला तीनवर. ती आंघोळीला गेली की मी तीनवर आणायची, मी गेले की ती पाचवर. एक शब्द न बोलता दुपारपर्यंत हे चाललं. शेवटी दोघी एकदम बटणाशी पोचलो, एकमेकींकडे पाहिलं आणि तिने तो चारवर ठेवला. मीटिंगमध्ये हा विषय आला असता तर तीन रविवार गेले असते.

बैठकीत मात्र दिवसभर, कुलूप न तोडताही पाणी टिकलं असेल या आशेने, मी टाकीचे लिटर मोजत होते. दहा हजार लिटर, अठरा घरं, माणशी इतकं. सगळ्या बाजूंनी गणित केलं, पाणी उरत नव्हतं. आणि उरत नसलेलं पाणी सुहास भांड्यांवर ओतत होता. संध्याकाळच्या बैठकीनंतर विद्याताईंनी विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "माझ्याशिवाय तिथे कसं चाललंय तेच कळत नाही." त्या म्हणाल्या, "त्याचा त्रास होतोय की आनंद होतोय?" मी म्हटलं, "त्रास." त्या म्हणाल्या, "मग त्याच्यापाशी बसा." हे त्यांनी एवढ्या सहज सांगितलं की मला रडू आलं. हॉलमधल्या चटईवर बसून मी खूप वेळ रडले, आणि गंमत म्हणजे तेव्हा मला कसलीच नोंद घ्यावीशी वाटली नाही.

रविवारी सकाळी कान्हेरीची सहल होती, मौनातच. उद्यान सकाळी लवकर उघडतं, फाटकापाशी प्रवेशाचं तिकीट, आतून लेण्यांपर्यंत बस, लेण्यांचं तिकीट वेगळं. चालत जायचं तर सहा-सात किलोमीटर चढ आहे, आम्ही बसने गेलो. सोमवारी लेणी बंद असतात, लक्षात ठेवा. खायचं काही हातात धरू नका. आमच्यातल्या एका गृहस्थांची बिस्किटं माकडाने पायरीवरच हिसकावली आणि मौन असल्यामुळे त्यांना शिव्याही देता आल्या नाहीत.

सगळे मोठ्या चैत्यात बसले. मी वर चढत गेले आणि एका लहान लेण्याबाहेर थांबले. तिथे दगडात कोरलेली पाण्याची टाकी होती, तिला तिथे पोढी म्हणतात. वरच्या कातळात पन्हळ कोरलेला, पावसाचं पाणी त्यातून घरंगळत टाकीत. तशाच शेजारी, तशाच वर, प्रत्येक लेण्यापाशी. भिक्षू आले, राहिले, गेले, टाक्या अजून भरतात. मी आत वाकून बघितलं. तळाशी पाणी होतं. पंप नाही, कुलूप नाही, सेक्रेटरी नाही. मला हसू आलं, आणि मग ते थांबेना.

कट्ट्यावर बसले. पहिल्यांदा न सांगता श्वास सापडला. मला भीती पाणी बंद पडायची नव्हतीच. माझ्याविना पाणी चालू राहील याची होती. त्याच भीतीपोटी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातली चावी काढून घेतली. छत दुरुस्त झालं असतं, जिना वाळला असता. झोप कुणालाही लागते. तो बावीस वर्षं रोज पहाटे उठला होता आणि एकदाच झोपला. मला त्याच्या जागी मी हवी होते. हे आठ महिने मला माहीत होतं, फक्त त्या त्रासापाशी बसले नव्हते. बसल्यावर वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण छातीवरचं काहीतरी सैलही झालं.

परत आल्यावर जेवण, मग मौन सुटलं. मौन सुटल्यावर लोक किती आणि काय बोलतात ते ऐकण्यासाठी तरी जायला हवं. माझी खोलीतली सोबतीण हेमांगी, दहिसरच्या शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "मला तर तुम्ही फार पोचलेल्या वाटलात. काल दिवसभर ढिम्म हलला नाहीत."

"मी लिटर मोजत होते," मी म्हटलं आणि सगळी हकिगत सांगितली. तिने माझं गणित तपासलं. म्हणाली, "बरोबर आहे. पाणी उरत नाही."

फोन घ्यायला आम्ही ऑफिसात गेलो, तर तिच्या कप्प्याची चावी सापडेना. पर्स उलटी केली, उशीखाली पाहिलं. ती रडकुंडीला आली. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे खण उघडला आणि दुसरी चावी काढून दिली. म्हणाल्या, "एवढं काय त्यात? कुठलंही कुलूप घेतलं की दोन येतात ना."

मी तिथेच बाकावर बसले.

कुठलंही कुलूप घेतलं की दोन येतात. पितळी कुलूप अण्णांनी आणलं होतं. मी त्यांच्याकडून एक चावी मागून घेतली. दुसरी कुठे आहे हे मी, बिलाच्या पाठीमागचंही वाचणारी सेक्रेटरी, आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. आणि मग एकेक संध्याकाळ आठवायला लागली. मार्चअखेरीला पतपेढीतून आठला धापा टाकत यायची आणि नळ सोडला की पाणी यायचं. मी सुहासला म्हणायची, बघ, माझं टाकीचं नियोजन. दोन पहाटे तापात झोपून राहिले तेव्हाही पाणी होतं. अण्णांच्या खिडकीतून फाटक दिसतं. मी आले की नाही, त्यांना रोज दिसत होतं.

परतीच्या प्रवासाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. बोरिवलीत मेट्रोच्या जिन्याखाली चहा प्यायले, तो दोन दिवसांनंतर अमृतासारखा लागेल असं वाटलं होतं, पण अर्धाच गेला. अंधेरीला जोडपुलावर चुकीच्या बाजूला वळले. घाटकोपरला खाऊगल्लीकडे पाहिलंही नाही. बस कांजूरपाशी आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही रुमाल लावला आणि रुमालाआड चार शब्दांचा सराव करत राहिले.

सुहासने दार उघडलं. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. "अण्णांकडे दुसरी चावी आहे."

"आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून. शुक्रवारी मी शोधाशोध करत खाली गेलो तर ते पंपापाशीच होते. मला म्हणाले, तिला सांगू नको, उगाच तिचं बीपी वाढेल."

मी खाली गेले. या वेळी बेल वाजवली. अण्णांनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि सवयीने भिंतीकडे सरकून वाट दिली. त्यांच्याच घरात. ते बघून सराव केलेले चारही शब्द पळाले. मी चावी पुढे केली आणि म्हटलं, "अण्णा, मी वाईट वागले तुमच्याशी. सगळ्यांसमोर. तुमची कांडी टेबलावर ठेवली ते मला रोज दिसतं. मला माफ करा."

अण्णांनी चावीकडे पाहिलं. मग आत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात कांडी होती, तेल लावून पुसलेली. त्यांनी माझ्या हातातली चावी घेतली, कांडीला बांधली, दोनदा गाठ मारली आणि परत माझ्याच हातात दिली.

"तुजी तुज्याकडे, माजी माज्याकडे," ते म्हणाले. "बस गो बाय. च्या पितंस?"

आठ महिन्यांनी तो आवाज ऐकला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी विचारलं, "अण्णा, इतके दिवस एक शब्द बोलला नाहीत. आज कसं काय?"

अण्णा म्हणाले, "दोन दिस तुजा तोंड बंद होता. म्हटलंय, आता आपण बोलाक हरकत नाय."

एवढा चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. तीन कप. आमसुलांची पिशवीही निघाली. ती मे महिन्यातली होती, माझ्या नावाने ठेवलेली.

तर, जायचं का? जा. पातळ उशा आणि चहाबंदी सोडली तर तक्रारीला जागा नाही. गोळी टळेल का, विचाराल तर, माझी टळली नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बराच खाली होता, तरी अर्धी गोळी सुरू केलीच. मी मशीनला काही बोलले नाही. ध्यान मला अजून दहा मिनिटांच्या वर जमत नाही. विषय क्रमांक तीनपर्यंत जाते आणि उठते. सेक्रेटरीपद सोडलं नाही, पण कबुतरांचं खातं सुहासला दिलंय आणि तो त्यात माझ्यापेक्षा बरा आहे.

बैठक मात्र रोज होते, पहाटे साडेपाचला, पंपघरासमोर. अण्णा स्टुलावर, मी पायरीवर. पंचवीस मिनिटं पंप घरघरत असतो, त्यात बोलता येत नाही. काल अण्णांची मान हळूहळू छातीवर आली. मी त्यांना उठवलं नाही. वर भरलेल्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपातून पहिलं पाणी ओघळल्याचा आवाज आला तेव्हा उठून बटण बंद केलं, कुलूप लावलं, आणि मग त्यांच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "अण्णा, भरली."

डोळे न उघडता ते म्हणाले, "माका म्हायत आसा."